पाकीट टाकलं तर नाही ना?

रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या आम्हा मंडळींत दारात आलेल्या पक्षकाराला परत पाठवणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सुमन तांबे. बाकी आम्ही सगळे माणूस दिसला की वकीलपत्र पुढे सरकवणारे. तांबेबाई त्याला समोर बसवत, पाणी देत, त्याचं सगळं ऐकून घेत आणि बऱ्याचदा शेवटी सांगत, "ह्याला वकील लागत नाही. तुमचं तुम्हालाच करता येईल. कसं ते मी सांगते."

आणि मग खरोखरच सांगत. माणसाला दोनदा विचारायला लागू नये इतकं सावकाश. त्यांची बाकीची कामं त्या वेळी तशीच पडून असत आणि शेजारच्या टेबलावर बसलेल्या मला हे आपलं उगाचच लागे. "बाई, अशाने पोट कसं चालायचं?" असं मी एकदा म्हणालोही. त्यावर त्यांनी फक्त चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पोटगीची आणि घरभाड्याची कामं त्यांच्याकडे होती, त्यावर त्यांचं चाले. एकटा जीव, खर्च बेताचा.

पण गावात त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. बंद पाकिटातल्या खाण्यात काही भलतंच निघालं, चिवड्यात खिळा, लोणच्यात काच, लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत किडे, की माणसं तांबेबाईंकडे येत. येणारा संतापलेला असे. कोणाच्या हातात मोबाइल असे, त्यात फोटो. कोणी नुसतीच कंपनीला शिव्या देत येई. बाई त्याला पुरतं बोलू देत आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न येई, "पाकीट टाकलं तर नाही ना?"

बहुतेकांनी टाकलेलं असे. साहजिकच आहे, किळस आल्यावर माणूस आधी ते घराबाहेर काढतो. मग बाईंचा चेहरा उतरे. कागदात गुंडाळून आणलेला तो खिळा हातात घेऊन त्या म्हणत, "तुमचं मला पटतं. पण हा नुसता खिळा कुठलाही असू शकतो. समोरचा वकील म्हणेल, घरात पंखा दुरुस्त करताना पडला असेल. मग आपण काय उत्तर देणार?"

ज्याने टाकलं नसेल त्याचं मात्र त्या मनापासून कौतुक करत. मग पुढचं सांगणं सुरू होई. उरलेलं खाणं त्याच पाकिटात ठेवा, ते स्वच्छ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, सापडलेली वस्तू धुऊ नका. पाकिटावरचा बॅच नंबर आणि तारीख फाटू देऊ नका. बिल शोधा. दुकानात त्याच बॅचचं दुसरं पाकीट असलं तर बिल करून घ्या आणि ते अजिबात फोडू नका, कारण पुढे तपासणीला पाठवायला तेच उपयोगी पडतं. कोणाला लागलं असेल, पोट बिघडलं असेल, तर आधी डॉक्टर आणि डॉक्टरचा कागद. हे झालं की दोन वाटा. एक, अन्न खात्याच्या अधिकाऱ्याकडे तक्रार. तो नमुने घेतो, कारखान्यावर कारवाई करतो, पण जो दंड होतो तो सरकारात जमा होतो. स्वतःला झालेल्या त्रासाची भरपाई पाहिजे असेल तर दुसरी वाट, जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी दिल्लीची असो नाहीतर मद्रासची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. आणि दोन्ही वाटांनी एकदमच गेलं तरी कोणी अडवत नाही.

हे सगळं ऐकून माणूस विचारी, "म्हणजे तुम्ही उभ्या राहणार ना बाई?" तेव्हा बाई म्हणत, "आयोगापुढे तुम्ही स्वतः बोलू शकता. अडलात तर मी आहेच."

दिसायला बाई ठेंगण्या, सावळ्या, अंगावर नेहमी सुती साडी, ती कडक इस्त्रीची. आवाज मात्र त्या अंगाला न शोभेल एवढा भारदस्त. वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांचा वर्गातला आवाज लेकीकडे आला असणार. बाररूममध्ये शिरताना त्या सगळ्यांना एकच "जयभीम" घालत आणि तो अगदी मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्या माणसालाही पोचे.

गंमत अशी की एवढं सगळं बघूनही बाईंचं पाकिटातल्या खाण्यावरचं प्रेम कमी झालं नव्हतं. क्रीमची बिस्किटं त्यांना फार आवडत. चहाच्या वेळी पाकीट कात्रीने नीट कापायचं, बशीत बिस्किटं मांडायची, एकेक उघडून बघायचं आणि मग खायचं. रिकाम्या वेळात आम्ही पेपर चाळतो तशा त्या पाकिटाची मागची बाजू वाचत. कधीकधी मोठ्याने वाचून दाखवत. "दळवी, हे बघ. मोठ्या अक्षरात आंबा आणि बारीक अक्षरात आंब्याचा वास." मी हसलो की त्याही हसत, आणि ते बिस्कीट खात.

एकदा मी विचारलं होतं, हे वेड तुम्हाला लागलं कशावरून. त्या म्हणाल्या, "घरात शिजवतो तेव्हा आपल्याला माहीत असतं त्यात काय घातलंय. पाकीट कोणी भरलंय ते आपल्याला माहीत नसतं. तरी आपण फोडतो आणि पोराच्या हातात देतो. एवढा विश्वास आपण शेजाऱ्यावर तरी ठेवतो का? मग तो मोडला तर कोणीतरी विचारायला नको?"

शेवंती मयेकरचं प्रकरण आमच्याकडे पुष्कळ गाजलं. शेवंती बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात कोलंबी सोलायला जायची. तिच्या मुलाने बिस्कीट खाल्लं, त्यात तारेचा तुकडा होता. दात तुटला आणि हिरडीत तार रुतली. ती बाईंकडे आली ती पदराखाली स्टीलचा डबा घेऊन. डब्यात पाकीट, पाकिटात उरलेली बिस्किटं आणि कापसात गुंडाळलेली तार. एवढं नीट सगळं जपून आणलेलं बघून बाई खूश झाल्या, पण शेवंतीचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता.

"बाय, केस केली तर दुकानवाल्याचं नाव येईल ना त्यात?" तिने विचारलं. "तो आमच्याच आळीतला. अडीनडीला तोच देतो. त्याच्याशी वाकडं नाही करायचं मला."

बाईंनी तिला तिथेच बसायला सांगितलं आणि स्वतः छत्री घेऊन निघाल्या. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, दुकानात. पुढचं मला दुकानदारानेच कधीतरी सांगितलं. त्याने तार निघाल्याचं ऐकलं होतं, आणि घाबरून त्या मालाची उरलेली पाकिटं परत पाठवायला बाहेर काढून ठेवली होती. बाई त्याच्या फळीवर बसल्या, एक लिमलेटची गोळी मागून घेतली आणि त्याला समजावलं की बंद पाकीट जसं आलं तसं त्याने विकलं, नीट ठेवलं होतं, मुदतीतलं होतं, तर आतल्या तारेचा दोष त्याच्या माथी येत नाही. कागदावर त्याचं नाव येईल, पण ते माल कोणाकडून आला हे सांगण्यापुरतं. उलट तो खरं बोलला तर शेवंतीचा सगळ्यात मोठा साक्षीदार तोच. मग त्यांनी त्याच बॅचचं एक बंद पाकीट विकत घेतलं आणि बिलावर त्याची सही घेतली.

पुढे कंपनीची माणसं शेवंतीच्या घरी आली. बिस्किटांचा मोठा खोका आणि एक छापील कागद घेऊन. आमची काही तक्रार नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं, खाली सही करायची. शेवंतीने खोका उंबऱ्याबाहेरच ठेवायला सांगितला. पोरगा बिस्कीट बघून तोंड घट्ट मिटतो, त्याच्यापुढे हे कुठे ठेवू, असं ती म्हणाली आणि आत निघून गेली. हे बाईंना कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "मी हिला काहीच शिकवलेलं नाही, दळवी. हे तिचं तिचंच."

आयोगापुढे कंपनीच्या वकिलाने नेमकं तेच म्हटलं, तार घरातली असेल. मग ते न फोडलेलं पाकीट आयोगामार्फत तपासणीला गेलं. त्यातही तसलीच बारीक तार निघाली, कारखान्यातल्या चाळणीची. दुकानदार साक्षीला आला तो ठेवणीतला सदरा घालून, आणि जे झालं ते सरळ सांगून गेला. निकाल शेवंतीच्या बाजूने लागला. पोराच्या दाताचा सगळा खर्च आणि वर भरपाई. त्या दिवशी शेवंती बाईंसाठी सोललेली कोलंबी घेऊन आली. बाईंनी बाररूममध्येच पिशवी उघडून बघितली, वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यावर काही छापलेलं नाही. पण ही मी न वाचता खाणार."

सगळेच येणारे शेवंतीसारखे नसत. हातखंब्याला हायवेवर ढाबा चालवणारा एक तरुण एकदा थंड पेयाची बाटली घेऊन आला. बाटलीत झुरळ. कंपनीला मोठा दणका द्यायचा, पेपरात द्यायचं, आपण दोघं मिळून करू, असं त्याचं बोलणं. बाईंनी बाटली उजेडात धरून बराच वेळ बघितली. झाकणाखालची प्लॅस्टिकची कडी पुन्हा दाबून बसवल्याच्या खुणा मलाही दिसल्या. शिवाय कारखान्यात बंद होऊन महिने झालेल्या बाटलीत झुरळ इतकं धडधाकट राहत नाही.

त्यांनी त्याला खोटं ठरवण्यात वेळ घालवला नाही. बाटली त्याच्यापुढे ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुला ह्यातून काही मिळेल की नाही ते मला सांगता येत नाही. पण तू एकदा पकडला गेलास की तुझ्यामागून जी खरी बाई येईल, तिचं पोर रक्त थुंकत असेल, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ते मला चालणार नाही."

तो लाल झाला, काहीतरी पुटपुटला आणि बाटली घेऊन गेला. बाईंनी फडकं घेऊन बाटलीखालची जागा पुसली, मग पुन्हा पुसली. रागावल्या की त्या ओरडत नसत, टेबल पुसत बसत.

हा सरळपणा दुसऱ्याच्या बाबतीत ठेवणं तसं सोपं. स्वतःच्या घरावर आल्यावर त्या काय करतील असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो प्रसंग आला तेव्हा मी तिथेच होतो.

बाईंना एकच भाऊ, विलास. त्यांच्यापेक्षा बराच मोठा. वडील लवकर गेल्यावर मुंबईत एका कारखान्यात फिटरचं काम करून त्याने घर चालवलं आणि बहिणीला कायद्याचं शिक्षण दिलं. बाई हे कोणालाही अभिमानाने सांगत. निवृत्त झाल्यावर विलासदादा परत आला आणि मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा गाळा घेऊन आंब्याचा रस बाटल्यांत भरायचा धंदा सुरू केला. आठ-दहा बायका कामाला. परवान्याचे कागद बाईंनी स्वतः केले होते. रस चांगला असे. आमच्या घरीही तोच यायचा.

आंब्याचे दिवस संपत आले होते तेव्हाची गोष्ट. पालीकडच्या एका शाळेतले कदम गुरुजी बाईंकडे आले. सोबत कापडी पिशवीत आमरसाची बाटली. गुरुजींच्या बायकोने पाहुण्यांसाठी रस काढला, चव बघायला चमचाभर तोंडात घेतला आणि काचेची चीप गिळली गेली. घशात जखम झाली. दवाखान्यात दुर्बिणीने काच काढावी लागली. अजून त्यांना पातळ पेजेशिवाय काही घेता येत नव्हतं.

बाईंनी बाटली पिशवीतून बाहेर काढली. लेबल त्यांच्या तोंडासमोरच आलं होतं. नेहमी त्या लेबल वाचतात, त्या दिवशी वाचायची गरज पडली नाही. बाटली त्यांनी अलगद टेबलावर ठेवली आणि गुरुजींना म्हणाल्या, "हा कारखाना माझ्या सख्ख्या भावाचा आहे."

गुरुजी उठायलाच लागले. चुकीच्या ठिकाणी आलो असं त्यांना वाटलं असणार. बाईंनी त्यांना बसा म्हटलं. मी तुमचं काम घेऊ शकत नाही, घेणं योग्यही नाही, पण हे दळवी घेतील आणि नीट करतील, असं त्या म्हणाल्या. मला विचारलंही नाही. मग त्यांनी गुरुजींना एक गोष्ट विचारली. "एक काच निघाली म्हणजे त्या मालात आणखी असेल. तुमची हरकत नसेल तर मी आजच भावाला जाऊन सांगते, म्हणजे बाकीच्या बाटल्या थांबवता येतील. पण आधी तुमची बाटली, तिचे फोटो, डॉक्टरचे कागद, सगळं दळवींच्या ताब्यात राहू दे. माझ्या हातात काही नको."

गुरुजींनी थोडा वेळ विचार केला आणि हो म्हटलं. ते गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "मला मिरजोळ्याला सोड. तू आत येऊ नकोस, तू आता त्यांचा वकील आहेस."

मी त्यांना स्कूटरवरून नेलं. फाटकाशी मी थांबलो. वीज गेलेली होती, यंत्रं बंद, बायका बाहेर जांभ्याच्या पायरीवर डबे खात बसलेल्या. त्यामुळे शेडमधलं बोलणं मला नको असूनही ऐकू येत होतं.

बाईंनी काय झालं ते सांगितलं. विलासदादा हादरला. गुरुजींची बायको आता कशी आहे ते त्याने सगळ्यात आधी विचारलं, हे मला आठवतं. मग तो म्हणाला की आपण दोघं जाऊन गुरुजींना भेटू, पाया पडू, दवाखान्याचा सगळा खर्च देऊ, चांगली माणसं आहेत, ऐकतील.

"भेट. भेटायलाच पाहिजे," बाई म्हणाल्या. "पण आधी माल परत मागव. ती बाटली भरली त्या दिवसाचा सगळा. आणि अन्न खात्याला तू स्वतः कळव, कोणी यायच्या आत."

मग विलासदादाचा आवाज, आता चढलेला. माल मुंबईला गेलाय, पुण्याला गेलाय. एकदा परत मागवला की दुकानदार पुन्हा ठेवणार नाहीत. ह्या बायका घरी बसतील. आणि शेवटी तो म्हणाला, "तुला वकील केलं ते ह्यासाठी?"

बाई म्हणाल्या, "हो."

एवढंच. त्या बाहेर आल्या, स्कूटरवर बसल्या. परत येताना नाचणे गावाच्या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून स्कूटर थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी पदराने तोंड पुसलं. कोणीतरी ओळखीचं मोटारसायकलवरून जाताना हात करून गेलं, त्याला त्यांनीही हात केला. मग म्हणाल्या, "चल. माझी उद्याची पोटगीची तारीख आहे."

विलासदादाने माल परत मागवला. लगेच नाही, पण मागवला. अन्न खात्यालाही स्वतः जाऊन सांगून आला. परत आलेल्या बाटल्या एकेक करून गाळल्या तेव्हा आणखी काही बाटल्यांत काच सापडली. झाकण बसवायच्या यंत्राचा दाब बिघडला होता, बाटलीचं तोंड आतून चिरत होतं आणि वरून काही दिसत नव्हतं. त्यातल्या काही बाटल्या एका बालवाडीला जायच्या होत्या. हे मला गाळ्यावर कामाला असलेल्या एका बाईने सांगितलं. सांगताना तिने कानाला हात लावला.

गुरुजींची तक्रार मी आयोगात दाखल केली. समोरून विलासदादाने वकील दिलाच नाही. मध्यस्थीच्या खोलीत तो एकटा आला, टोपी हातात धरून. उभा राहिला आणि म्हणाला, चूक आमची आहे, यंत्र वेळेवर तपासलं नाही. गुरुजींच्या बायकोला त्याने हात जोडले. त्या पुन्हा भाकरी खाऊ लागल्या होत्या, पण आवाज थोडा घोगराच राहिला होता. त्या त्याला म्हणाल्या, "तुम्ही बाकीच्या बाटल्या परत आणल्यात ते बरं केलंत." तडजोड त्याच दिवशी झाली. त्याने जे द्यायचं कबूल केलं ते कबुलीप्रमाणे दिलं.

बाई आत आल्या नव्हत्या. बाहेर बाकड्यावर बसून होत्या. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी आकडा विचारला नाही. गुरुजींची बायको आता काय काय खाते, एवढं विचारलं. विलासदादा त्यांच्या समोरून गेला. क्षणभर थांबल्यासारखा झाला, मग तसाच जिना उतरून गेला. बाईंनी मान खाली घातली आणि हातातल्या छत्रीचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

पुढची दोनेक वर्षं भाऊ-बहिणीचं बोलणं नव्हतं. राखी, भाऊबीज काही नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात दोघंही येत, लांब लांब बसत. आम्ही कोणी तो विषय काढला नाही. एकदाच बाई आपणहून बोलल्या. चहा पिताना म्हणाल्या, "त्याचं काही चुकलं नाही, दळवी. त्याला राग आला, ते बरोबरच. मी त्याच्या जागी असते तर मलाही आला असता." मी विचारलं, मग पुन्हा तसाच प्रसंग आला तर? त्या म्हणाल्या, "पुन्हा मिरजोळ्याला जाईन. ह्या वेळी रिक्षाने, तुझी स्कूटर फार हादरते."

विलासदादाचा गाळा वर्षभर बंद राहिला. मग त्याने यंत्र बदललं, भरलेली प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून बघायला दोन बायका बसवल्या आणि पुन्हा सुरू केला. जुने दुकानदार सगळे परत आले नाहीत. काही आले. त्यातला एकजण मला म्हणाला, ज्याने स्वतःहून माल परत मागवला त्याचा माल ठेवायला भीती कसली. बाईंना हे मी सांगितलं, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि बशीतलं बिस्कीट तसंच राहिलं.

नंतर बाईंचे गुडघे गेले. कोर्टाचा जिना चढवेना. डोळ्यांनाही बारीक अक्षर दिसेना, ह्याचं त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त वाईट वाटे. त्यांनी प्रॅक्टिस थांबवली आणि दापोलीजवळ मुरुडला, त्यांच्या मूळ गावी, वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला जायचं ठरवलं. सामान हलवायच्या दिवशी आम्ही बाररूममधले काहीजण मदतीला गेलो, तर दारात टेम्पो उभा आणि विलासदादा कपाटाला दोर बांधतोय. त्याला कोणी बोलावलं होतं ते मला माहीत नाही. बाईंनी बोलावलं नसणार. तो कोणाशी फार बोलला नाही. बाईंची पुस्तकं मात्र दुसऱ्या कोणाला उचलू दिली नाहीत. सगळं भरून झाल्यावर बाईंना टेम्पोत पुढे चढवताना त्याने त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "सावकाश, सुमे." बाई चढल्या. मग त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला जाणवलं की हे हसू मी फार दिवसांनी बघतोय.

गेल्या पावसाळ्यानंतर दापोलीला एका जमिनीच्या कामासाठी गेलो होतो, तसाच पुढे मुरुडला उतरलो. सुपारीच्या वाडीतून आत गेलं की घर. अंगणात सुपारी वाळत घातलेली. बाई पुढच्या पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, अंगाने अर्ध्या झालेल्या, पण साडी तशीच कडक इस्त्रीची. त्यांच्यासमोर एक बाई खाली बसून बोलत होती. समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना ती घरगुती जेवण घालते, असं बोलण्यावरून कळलं. कुठलंसं मसाल्याचं पाकीट, त्यात काहीतरी निघालेलं, पाहुणे तिच्यावरच उखडलेले. ती रडत रडत, मधलंच कुठलं तरी आधी, कुठलं तरी नंतर सांगत होती.

मी पायरीशी आलो तेव्हा बाईंनी मला बघितलं. त्यांचा चेहरा उजळला, आणि त्याच वेळी त्यांनी उजवा हात थोडासा वर केला. थांब म्हणून. नजर परत त्या बाईकडे गेली.

मी पायरीवरच बसलो. आतून विलासदादा चहाचा कप घेऊन आला. तो हल्ली बहुतेक इथेच असतो, गाळा मुलगा बघतो. कप माझ्या हातात देऊन तोही शेजारी टेकला, पडवीकडे एकदा वळून बघितलं आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाला, "जरा थांबा हां वकीलसाहेब. ती ऐकतेय."